हुकमापेक्षा हेतू मोठा

पहाटेचे ब्रीफिंग

एप्रिलच्या मध्यावर, अक्षय्य तृतीया चार दिवसांवर आलेली असताना, दापोलीहून हर्णैकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका आंबाबागेत सहाच्या सुमारास झुंजूमुंजू होत होते. पत्र्याच्या शेडसमोर जमिनीवर वाळू पसरली होती. वाळूत दोऱ्या ताणून बागेचे तुकडे पाडले होते. विटेचा तुकडा म्हणजे विहीर, चिऱ्याचा तुकडा म्हणजे शेड आणि हिरव्या फांद्या खोचल्या होत्या ती आज तोडणीला आलेली झाडे. फौजेत मोहिमेआधी असे सँड मॉडेल करतात. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने ते बागेत आणले आहे.

भोवती आंबे उतरवायचे झेले घेतलेले नेपाळी गडी होते, खोके भरणाऱ्या बायका होत्या, टेम्पोवाला होता आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली सुभेदारांची पुतणी होती. वेबसाइट आणि व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी तीच सांभाळते. सुभेदारांनी हातातली काठी वाळूवर टेकवली. आधी खबर सांगितली: काल संध्याकाळी वारे सुटले होते, खालच्या तुकड्यात फळ पडले आहे. मग मकसद: "ठाण्या-पुण्यात गिऱ्हाईक परवा खोका उघडणार. तेव्हा फळ दोन दिवसांत खायला येईल असं पाहिजे. अक्षय्य तृतीयेला त्याला पानात आंबा वाढायचाय." त्यानंतर तरीका, इंतजाम आणि कोणी कोणाला फोन करायचा ते. सारे मिळून सात-आठ मिनिटे लागली असतील. शेवटी ते एका बाईंकडे वळले. "वहिनी, आता तुम्ही सांगा. आज काय करायचंय?"

वहिनींनी सांगितले. त्यांनी किती खोके भरायचे, हे आधी सांगितले नाही. त्या म्हणाल्या, "सणाच्या दिवशी पिकायला पाहिजे."

यंदाच्या अंकासाठी 'नेतृत्व' हा विषय संपादकांनी सुचवला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पुस्तकांच्या दुकानातले एक फडताळ आले. युद्धनीती आणि धंदा, सेनापती आणि विक्री, गनिमी कावा आणि मार्केटिंग अशा जोड्यांनी ते भरलेले असते. त्या पुस्तकांत आवेश पुष्कळ असतो. पण वर्दी उतरवून ज्यांनी खरोखर मोबाइलवरून धंदा उभा केला, ते फौजेतले नेमके काय वापरतात? ते पाहायला मी दापोलीला गेलो आणि नंतर पुण्यातल्या एका फराळाच्या स्वयंपाकघरात. दोन्ही ठिकाणच्या मालकांनी नाव छापू नका म्हणून सांगितले आहे.

दापोलीला या विषयाची जुनी ओळख आहे. 'कॅम्प दापोली' हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे, कारण इंग्रजांच्या काळात इथे लष्करी छावणी होती आणि पुढे पेन्शनीत निघालेल्या शिपायांची वस्ती झाली. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर मुलाबाळांसह काही काळ इथेच राहिले; त्यांतला धाकटा भीमराव. सैन्यातून परतलेल्या माणसाने गावात काय करायचे, हा प्रश्न या मातीला नवा नाही. नवे आहे ते एवढेच, की आता त्याचे गिऱ्हाईक त्याला कधी दिसत नाही.

न दिसणारे गिऱ्हाईक

दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला माणूस गिऱ्हाइकाचा चेहरा वाचतो, नोकराला नजरेने खुणावतो, बिघडलेले जागच्या जागी सावरतो. ऑनलाइन धंद्यात मालक एकीकडे, माल दुसरीकडे, तो पोचवणारा कुरिअरचा मुलगा तिसरीकडे आणि पैसे यूपीआयवरून आधीच मोजून बसलेले गिऱ्हाईक चौथीकडे. मालक जागेवर नसताना, त्याच्या वतीने, पगारी किंवा रोजंदारीवरची माणसे दिवसभर शेकडो लहान निर्णय घेत असतात. यातला एक चुकला तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाच मिनिटांत फोटो येतो.

पांगलेली माणसे, अपुरी बातमी आणि वेळेची ओढ ही अडचण सैन्य फार पूर्वीपासून सोसत आले आहे. लष्करी नेतृत्वाचा ऑनलाइन धंद्याशी खरा संबंध जुळतो तो इथे. आरडाओरडा, कडक शिस्त, 'शत्रू'चा नायनाट या गोष्टींशी त्याचा संबंध फार थोडा आहे.

हेतू सांगायचा, वाट त्याची त्याने काढायची

१४ ऑक्टोबर १८०६ या एका दिवसात, येना आणि आउअरश्टेट इथल्या दोन लढायांत, नेपोलियनच्या फौजांनी प्रशियाचे सैन्य मोडून टाकले. कवायतीत या सैन्याचा हात धरणारे युरोपात कोणी नाही, अशी त्याची ख्याती होती. रांगा सरळ होत्या, हुकूम पाळले जात होते, पण वरून हुकूम येईपर्यंत खालचा अधिकारी थांबून राहत होता आणि तोवर रणांगण बदललेले असे. त्या पराभवानंतर शार्नहोर्स्ट, ग्नायझेनाउ यांसारख्या सुधारकांनी सैन्याची घडी नव्याने बसवली. पुढे १८५७ पासून प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख झालेल्या हेल्मुट फॉन मोल्टके यांनी तो विचार पक्का केला. शत्रूच्या मुख्य फौजेशी पहिली गाठ पडल्यानंतर कोणताही बेत जसाच्या तसा टिकत नाही, हे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. त्याच्याइतकेच महत्त्वाचे त्यांचे दुसरे म्हणणे मात्र कमी सांगितले जाते: अधिकारी जितका वरचा, तितका त्याचा हुकूम थोडका हवा. काय साधायचे आणि का, हे त्याने सांगावे. कसे, हे जागेवरच्या माणसाने ठरवावे. इंग्रजीत या पद्धतीला पुढे 'मिशन कमांड' म्हणू लागले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी व ब्रिटिश सैन्यांनी ती आपली म्हणून स्वीकारली.

सुभेदारांनी मोल्टके वाचलेले नाहीत. त्यांची समजूत सेक्शनमधून आलेली आहे. सेक्शन म्हणजे दहा जणांची तुकडी आणि तिच्यावर एक हवालदार. ते म्हणाले, "डोंगर चढताना वायरलेस सेट बंद पडतो. साहेब खाली, आपण वर. मकसद ठाऊक असला तर नायकसुद्धा काम पुरं करतो. नुसता हुकूम ठाऊक असला तर दगडाआड बसून राहतो."

बागेत त्यांचा हा अनुभव साक्याच्या रूपाने उभा राहिला. हापूसला साका नावाचा विकार असतो. फळ बाहेरून देखणे, वासाला उत्तम, पण कापल्यावर आत गर पांढरट, भुसभुशीत आणि आंबट निघतो. बाहेरून हात लावून तो ओळखता येत नाही; कितीही जपून भरले तरी काही फळांत निघायचाच. पूर्वी अशी प्रत्येक तक्रार सुभेदारांकडे येई. ते दिवसभर बागेत, तिथे फोनला रेंज नाही. संध्याकाळी ते फोन लावीत तोवर गिऱ्हाइकाने सोसायटीच्या ग्रुपवर लिहून झालेले असे. आता फोनवर बसणाऱ्या मुलीला एक अधिकार दिला आहे: कापलेल्या फळाचा फोटो आला की एक डझनापर्यंत बदली आंबा कोणालाही न विचारता पाठवायचा. त्याच्या वर गेले तर पुतणीला विचारायचे, आणि सबंध खोका परत येत असेल तरच सुभेदारांना. ही मर्यादा शेडच्या भिंतीवर रंगाने लिहिली आहे.

कोणी फसवत नाही का, असे मी विचारले. "फसवतात की. चौघं फसवतात म्हणून बाकीच्यांना ताटकळत ठेवायचं? ते मी सीझनच्या खर्चातच धरलंय."

ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी २०१५ सालासाठीच्या भागधारकांच्या पत्रात निर्णयांचे दोन प्रकार सांगितले होते: परत फिरता येणारे आणि न येणारे. परत फिरता येणारे निर्णय लहान गटांनी भराभर घ्यावेत, हा त्यांचा मुद्दा. बदली डझनाचा निर्णय चुकला तर एक डझन आंबा जातो. कोवळे फळ तोडले तर सबंध खोका जातो आणि नावही जाते. म्हणून बागेत तोडणीचा शब्द आजही सुभेदारांचा आहे. फळ चौदा आणे तयार झाल्याशिवाय झेला लावायचा नाही, यात कोणालाही सवलत नाही. अधिकार खाली सोडताना कोणता सोडायचा आणि कोणता हातात ठेवायचा, हे ठरवण्यात मालकाची खरी परीक्षा असते.

अधिकार देण्याआधी शिकवावे लागते, हेही या बागेत दिसले. फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऑर्डरी कमी असताना, फोनवर बसणाऱ्या मुलीला गड्यांबरोबर झाडाखाली उभे केले जाते, फळे कापून दाखवली जातात, अढी कशी लावतात, पेंढ्यात फळ किती दिवसांत रंग धरते ते तिच्याकडून करवून घेतले जाते. मोल्टके यांच्या हाताखालचे अधिकारी एका पठडीत वर्षानुवर्षे तयार झाले होते, म्हणून त्यांना दोन ओळींचा हुकूम पुरत होता. न शिकवता दिलेले स्वातंत्र्य म्हणजे जबाबदारी ढकलणे होय.

पानिपतची रसद आणि चकलीची कढई

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका इमारतीच्या तळमजल्यावर दिवाळीच्या दोन महिने आधी भाजणीचा वास सुटू लागतो. कोअर ऑफ सिग्नल्समधून निवृत्त झालेले एक लेफ्टनंट कर्नल आणि त्यांच्या पत्नी इथून ऑनलाइन फराळ विकतात. चकली, करंजी, अनारसे, शेव, लाडू. बचत गटातल्या बायका तळतात, लाटतात, भरतात. बरेचसे खोके परदेशी जातात: लेकीकडे, मुलाकडे, नातवंडांकडे.

भिंतीवर फळा आहे. त्यावर विक्रीचे आकडे असतील असे मला वाटले होते. प्रत्यक्षात कढया किती, एका घाण्यात चकल्या किती, तेलाचे डबे किती दिवसांचे, खोके किती शिल्लक, कुरिअरची गाडी किती वाजता, यांची नोंद होती. यातून दिवसाला जास्तीत जास्त किती ऑर्डरी पुऱ्या होतील तो आकडा निघतो, आणि वेबसाइट त्या आकड्याला बांधलेली आहे. आकडा भरला की त्या दिवसाची ऑर्डर घेणे आपोआप बंद होते. कर्नलसाहेब म्हणाले, "मागणी असताना दुकान बंद करायला जीव होत नाही. पण जे पोचवता येणार नाही ते कबूल करणं म्हणजे माणसं उपाशी पुढे पाठवणं."

मराठी माणसाला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतले, धान्य हाती लागले, आनंद झाला. पण त्यानंतर अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीकडची वाट अडवली. फौजेबरोबर लढणारे होते त्याहून खाणारी तोंडे कितीतरी जास्त: बाजारबुणगे, यात्रेकरू, कुटुंबकबिला. दोआबातून रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. १४ जानेवारी १७६१ ला जी फौज छावणीबाहेर पडली ती उपाशी होती. शौर्य कमी पडले असे कोणी म्हणणार नाही. आधी धान्य कमी पडले. ऑनलाइन धंद्यात सणाच्या सेलमध्ये असेच होते. जाहिरात पुढे धावते, ऑर्डरी येतात, पैसेही येतात आणि मागे माल, खोके, माणसे नसतात. धंदा बुडतो तो मागणीअभावी नाही, तर मागणी पेलता न आल्याने.

याच मातीत उलटे उदाहरणही आहे. चिपळूणजवळ हलवर्ण इथे छावणी करून राहिलेल्या आपल्या फौजेला शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र अभ्यासकांना परिचित आहे. पत्रात लढाईचा आवेश नाही; गवत आणि दाणा आहे. साठवलेला चारा आताच उधळलात तर पावसाळ्यात घोडी मरतील. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, आणि रयत म्हणेल यांच्यापेक्षा मोगल बरे. हवे ते बाजारातून विकत आणा. गवताच्या गंजीपाशी आगट्या, दिवे, चिलीम यांची काळजी घ्या. प्रत्येक सूचनेमागे तिचे कारण दिलेले आहे. कारण समजलेला शिपाई पत्रात न आलेल्या प्रसंगीही बरोबर वागू शकतो. रसद आणि हेतू या दोन गोष्टी इथे एकाच कागदावर आहेत.

अलीकडच्या काळातले या विषयातले मोठे नाव म्हणजे अमेरिकी जनरल गस पॅगोनिस. १९९०-९१ च्या आखाती युद्धात लाखो सैनिकांना अन्न, पाणी, इंधन, दारूगोळा पोचवण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. तीन इंच बाय पाच इंचांच्या साध्या कार्डावर कोणीही शिपाई त्यांना थेट प्रश्न किंवा अडचण लिहून पाठवू शके. सकाळची बैठक ते उभ्यानेच घेत, म्हणजे ती लांबत नसे. युद्धानंतर १९९३ मध्ये 'सिअर्स' या बलाढ्य किरकोळ विक्री कंपनीने त्यांना आपला माल हलवण्याच्या कामावर नेमले. लढाईतल्या रसदीचे ज्ञान दुकानदारीला लागू पडते, हे त्या कंपनीने पैसे मोजून मान्य केले होते.

पुण्याच्या त्या स्वयंपाकघराची खरी कसोटी २०२५ मध्ये लागली. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचे पार्सल करमुक्त सोडण्याची सवलत २९ ऑगस्टपासून बंद झाली. त्याआधी २५ ऑगस्टपासूनच भारतीय टपाल खात्याने अमेरिकेकडची बहुतेक पार्सले घेणे थांबवले. ती सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा १५ ऑक्टोबर उजाडला होता आणि दिवाळी अगदी काही दिवसांवर आली होती. मोल्टके म्हणतात तसा बेत पहिल्या गाठीतच मोडला. सिग्नल्समध्ये एक लाइन तुटली तर दुसरी तयार ठेवायची सवय असते. कर्नलसाहेबांनी खासगी कुरिअर कंपन्यांकडून दर आधीच मागवून ठेवले होते. पण त्यांनी पहिले काम केले ते वेगळे: ज्यांची ऑर्डर आली होती त्या प्रत्येकाला, त्याने विचारण्याआधी, फोन केला. कर लागेल, खर्च वाढेल, नको असेल तर पूर्ण पैसे परत. कित्येकांनी ऑर्डर रद्द केली. "माल गेला नाही, माणूस राहिला," असे त्यांच्या पत्नी म्हणाल्या. वाईट बातमी आपण होऊन, लवकर आणि स्पष्ट सांगायची, हा फौजी संदेशवहनाचा पहिला नियम या घराने धंद्यात जसाच्या तसा उतरवला.

मोहिमेनंतरची बैठक

कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात फोर्ट अर्विन इथे अमेरिकी सैन्याचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे पलटणी येऊन, शत्रूची भूमिका करणाऱ्या कायमच्या तुकडीशी सरावाची लढाई लढतात. त्या तुकडीला तिथला प्रत्येक ओढा-टेकडी पाठ, त्यामुळे पाहुणे बहुधा हरतात. नंतर सारे एकत्र बसून आढावा घेतात. प्रश्न साधे असतात: काय व्हायचे होते? काय झाले? असे का झाले? पुढच्या वेळी काय करायचे? बैठकीपुरता हुद्दा बाजूला ठेवायचा. शिपायाने कर्नलला, तुमचा हुकूम माझ्यापर्यंत उशिरा आला, असे तोंडावर सांगायचे. दोष कोणाचा हे शोधण्यासाठी ही बैठक नसते आणि तिच्यातले बोलणे बढती रोखण्यासाठी वापरायचे नसते.

पुण्यातली बैठक तुळशीच्या लग्नानंतर होते. दमलेली माणसे आधी गावी जाऊन येतात, मग बसतात. तळणाऱ्या, भरणाऱ्या, वेबसाइट पाहणारा मुलगा, रोज माल उचलायला येणारा कुरिअरचा पोरगाही. मालक शेवटी बोलतात. कारण आधी बोलले तर बाकीचे मान डोलावतात. गेल्या बैठकीत विषय निघाला करंज्यांचा. दूरच्या खोक्यांत कडा मोडून निघाल्या होत्या. कोणी पारीला दोष दिला, कोणी कुरिअरवाल्याला. मग भरणाऱ्यांपैकी एक मावशी म्हणाल्या, "साहेब, या वर्षी खोका उंच घेतला. दोन थरांचे तीन थर झाले. खालच्या करंजीवर वजन आलं." खोका बदलण्याचा निर्णय साहेबांचाच होता. त्यांनी फळ्यावर लिहिले: खोका बदलला, भरणाऱ्यांना विचारले नाही. त्याखाली लिहिले: यापुढे नवा खोका आधी भरून, टाकून, उघडून पाहायचा.

ती बैठक मी पाहिलेली नाही. ती मला आधी मावशींनी सांगितली आणि नंतर साहेबांनी, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता. आढावा खरा होता याची यापेक्षा चांगली खूण मला माहीत नाही.

ऑनलाइन धंद्यात आढाव्याची सामग्री आयती मिळते: कोणत्या दिवशी ऑर्डर आली, कुठे रखडली, कोणत्या गावातून परत आली, कोणत्या पदार्थाला किती तारे पडले. पण बहुतेक मालक वाईट शेरा वाचून एकतर दुखावतात किंवा कोणावर तरी ओरडतात. फौजी माणसाला शेरा ही खबर वाटते. खबर कडू असली तरी ती आणणाऱ्यावर रागवायचे नसते. रागावलात तर पुढची येणार नाही.

साहेब शेवटी जेवतात

डेहराडूनच्या भारतीय सैनिकी अकादमीत चेटवुड हॉलमध्ये, पुढे फील्ड मार्शल झालेल्या फिलिप चेटवुड यांनी १९३२ मध्ये केलेल्या भाषणातले शब्द कोरलेले आहेत. अधिकाऱ्याने देशाची सुरक्षितता, मान आणि कल्याण पहिले धरावे, हाताखालच्या माणसांचे दुसरे आणि स्वतःचे नेहमी शेवटी, असा त्यांचा आशय आहे. सैन्यातली आज्ञाधारकता या क्रमावर उभी आहे. जो आपल्याआधी जेवत नाही त्याचे ऐकायला जवानाला जड जात नाही.

धंद्यात हा क्रम कोणी मनावर घेतला, असे विचाराल तर फ्रेड स्मिथ यांचे उदाहरण देता येईल. अमेरिकी मरीन कोअरचे अधिकारी म्हणून ते व्हिएतनाममध्ये लढले, जखमी झाले, परतले आणि १९७१ मध्ये 'फेडरल एक्सप्रेस' काढली. १७ एप्रिल १९७३ च्या रात्री मेम्फिसहून तिची सेवा सुरू झाली तेव्हा १४ विमाने, २५ शहरे आणि १८६ पार्सले होती. आज घरबसल्या मागवलेला माल दारात येतो त्यामागे अशाच जाळ्यांचा हात आहे. माणसे सांभाळा, ती काम सांभाळतील आणि कामातून नफा येईल, असा स्मिथ यांच्या कंपनीचा क्रम होता; नेतृत्व आपण मरीनमध्ये शिकलो, हे ते २०२५ मध्ये निधन होईपर्यंत सांगत राहिले.

इथे मला मनापासून एक गोष्ट म्हणायची आहे. आपल्या शहरांत दुचाकीवरून पाठीवर पेटी घेऊन धावणाऱ्या मुलांकडून अनेक कंपन्या फौजी शिस्तीची अपेक्षा करतात: मिनिटांचा हिशेब, गणवेश, पावसात हजेरी, उशिराला दंड. पण फौजेत शिस्तीच्या दुसऱ्या बाजूला लंगर असतो, इस्पितळ असते, कँटीन असते, रजेचा पास आणि पेन्शन असते, मागे कुटुंबाची विचारपूस असते. त्यातले काही न देता फक्त शिस्त उचलणे म्हणजे नेतृत्व नव्हे, ती लूट आहे.

बागेत दुपारी जेवायची वेळ झाली तेव्हा नेपाळी गड्यांची ताटे आधी वाढली गेली, मग बायकांची. सुभेदार टेम्पो भरून गेल्यावर बसले. त्याचा त्यांनी उल्लेखही केला नाही. तोडणीचा हंगाम संपला की या गड्यांच्या गावी पैसे गेले की नाहीत, हे पुतणी स्वतः फोन करून विचारते. पुढच्या फेब्रुवारीत तेच गडी परत येतात, आणि ज्याला बागेतले झाड न् झाड ठाऊक आहे असा माणूस परत येणे ही हापूसच्या धंद्यातली सर्वांत मोठी कमाई आहे.

जे फौजेतून घेऊ नये

काही गोष्टी सैन्यातच शोभतात. पहिली म्हणजे शत्रूची भाषा. धंद्यात गिऱ्हाईक काही जिंकायचा किल्ला नसतो आणि शेजारचा आंबावालाही शत्रू नसतो. आपल्या बागेत फळ संपले की सुभेदार त्याच्याकडूनच घेतात आणि खोक्यावर तसे लिहितात. दुसरी म्हणजे न विचारता पाळायचा हुकूम. जवान शपथेने बांधलेला असतो आणि देश त्याच्या पाठीशी उभा असतो. नोकरीवरचा माणूस उद्या राजीनामा देऊ शकतो आणि तो त्याचा हक्क आहे. तिसरी म्हणजे गुप्तता. लढाईत बातमी झाकतात. ऑनलाइन धंद्यात आंबा कोणत्या बागेतला, फराळ कोणत्या तेलातला, परतीची अट काय, हे जितके उघड तितका विश्वास.

आणि एक गोष्ट फौज शिकवतच नाही: नफा. सुभेदार म्हणाले, "सर्व्हिसमध्ये कधी विचारलं नाही की एका रोटीला काय पडतं. इथं पेंढ्याचा पण हिशोब आला." पहिल्या हंगामात उत्तम माल, वेळेवर पोच, खूश गिऱ्हाईक असे सगळे साधले आणि शेवटी हातात काही राहिले नाही, कारण कुरिअरचा खर्च दरात धरलाच नव्हता. हिशोब पुतणीने हाती घेतला तेव्हा धंदा उभा राहिला. ती कॉमर्स शिकलेली आहे आणि काकांना दर ठरवताना स्पष्ट नाही म्हणते. काका ऐकतात.

पुढची रांग

हा विषय आज निकडीचा आहे. पूर्वी जवान निदान १५ वर्षे सेवा करून, पेन्शन घेऊन गावी येई. २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर सैन्यात राहतील. बाकीचे एकरकमी सेवानिधी घेऊन पंचविशीच्या आगेमागे घरी येतील. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे आता भरत आली आहेत. सातारा, कोल्हापूर, अहिल्यानगर, रत्नागिरी अशा जिल्ह्यांत ही मुले मोठ्या संख्येने परततील. त्यांच्या हातात स्मार्टफोन असेल, थोडे भांडवल असेल, आणि सुरक्षारक्षक हो असे सांगणारे पुष्कळ जण भेटतील.

या मुलांजवळ काय असते, हे या दोन ठिकाणी मला दिसले. थोडक्यात नेमके सांगण्याची सवय, रात्री माल भरायचा असेल तर स्वतः उभे राहण्याची सवय, चुकले ते चारचौघांत मांडण्याची सवय. ती कोणत्याही अभ्यासक्रमात विकत मिळत नाही. त्यांच्याजवळ नसतो तो दर कसा काढायचा, जीएसटी कसा भरायचा, खाद्यपदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी कुठे, परदेशी पाठवायचा तर आयात-निर्यात कोड कसा, याचा अनुभव. हे सारे शिकवता येते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये, माजी सैनिकांचे महामंडळ असलेले मेस्को आणि जवळची वाणिज्य महाविद्यालये यांनी एकत्र बसायचे ठरवले, तर काही महिन्यांत शिकवता येईल असा हा भाग आहे.

आपण मात्र उलटे करतो. फौजी माणसाला शाळेत बोलावून त्याच्याकडून शौर्याच्या गोष्टी ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. त्याने माणसे कशी सांभाळली, धान्य कसे पुरवले, हुकूम देताना कारण का सांगितले, हे कोणी विचारत नाही. धंदा करणाऱ्यांनी ते विचारावे. आपल्या भागातल्या एका निवृत्त हवालदाराला चहाला बोलवावे आणि आपले गोदाम दाखवावे. मालक नसताना इथे कोण निर्णय घेईल, असे तो विचारील. या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याजवळ तयार आहे, त्याचा धंदा मालक आजारी पडला तरी चालतो. आणि ज्याच्याजवळ नाही, त्याने नवी जाहिरात देण्याआधी ते तयार करावे.